लिंबाची फोड

निकेशच्या जबड्याखाली खडा झाला आणि कासू गावच्या, लग्नावरातीत वाजणाऱ्या खालू बाजातली सनई बंद पडली. मुतखडा गावाने ऐकला होता, पण लाळेच्या ग्रंथीतला खडा ही नवीनच भानगड. घास घेतला की उजवी बाजू टम्म फुगायची आणि आंबट नुसतं दिसलं तरी तो कळवळायचा.

मुंबईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ग्रंथी कापली तर खालच्या ओठाची नस दुखावू शकते. तुम्ही सनई वाजवता. आधी ध्वनिलहरींच्या धक्क्यांनी बाहेरूनच खडा फोडून बघू."

सनई नसली की निकेश कुणीच नव्हता. त्याने मुकाट धक्के घेतले. जबड्यावर कुणी टिचक्या माराव्यात तसं वाटलं, आणि खडा फुटला.

"आता खरं काम तुमचं," बाई म्हणाल्या. "रोज लिंबू चोखा. लाळ सुटेल, तिच्याबरोबर चुरा वाहून जाईल. आत राहिला तर पिकेल."

घरी त्याच्या आईने, धोंडुबाईने, कपाळाला हात लावला. "आत जखम हाय नि लिंबू? पू धरंल ना रं! तुझ्या पायात खिळा घुसला तवा म्या आंबट शिवू दिलं नाय, म्हून पाय वाचला."

आमटीतलं आमसूल बंद झालं. लोणच्याची बरणी माळ्यावर गेली, घरातली लिंबं शेजारी. आणि निकेशलाही ते बरंच वाटलं, कारण लिंबाने जीव जायचा. मायेने ताटात वाढलेलं सोडून डॉक्टरचं कोण ऐकतं!

चुरा आतच राहिला. पंधरवड्यात ताप चढला, गळू झालं, तोंड उघडेना. शेवटी ग्रंथी कापावीच लागली.

"लिंबू चोखत नव्हतात का?" बाईंनी विचारलं.

"इसरलो," निकेश कसंबसं म्हणाला.

खाटेच्या पायथ्याशी धोंडुबाई उभी होती. "त्यो नाय इसरला. म्या दिलं नाय."

बाईंनी तेवढंच कागदावर लिहून घेतलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

जखम भरली, पण खालच्या ओठाची उजवी बाजू मेली ती मेलीच. नस जागी होईल म्हणून वर्षभर वाट पाहिली. सनईची पत्ती ओठांत धरून फुंकलं की कोपऱ्यातून नुसता वारा निसटतो. बाजात आता सनई निडी गावचा आदर्श नावाचा पोरगा वाजवतो. वरात दारावरून जाते तेव्हा निकेश आतून कडी घालतो. धोंडुबाई चुलीपुढे बसून राहते, पदराचा बोळा तोंडात कोंबून.

रोज जेवताना ती त्याच्या ताटात लिंबाची फोड ठेवते. आता त्या फोडीचा काही उपयोग नाही, हे दोघांनाही माहीत आहे. तो ती चोखतो, कारण त्याने चोखल्याशिवाय आई घास घेत नाही. रस ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळतो, आणि ती तो पदराने पुसते.