ट्रेलरमधलं पाणी

व्हर्लिन टोर्गरसनला पक्षाघाताचा झटका आला तो ऑगस्टमध्ये, तळ्याकाठी, बोटीचं इंजिन चालू करताना. ड्युलुथच्या हॉस्पिटलमधून घरी आला तो चाकाच्या खुर्चीत. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला, ‘बरोबर’. तहान लागली तरी बरोबर, चादर टोचली तरी बरोबर, रागाने लालबुंद झाला तरी बरोबरच.

“आत सगळं शाबूत आहे,” डॉक्टरीणबाई त्याच्या बायकोला, आर्डिसला, म्हणाल्या. “त्यांना कळतं सगळं. फक्त बोलायला गेले की तोच एक शब्द बाहेर पडतो.”

“म्हणजे डोकं ठीक आहे?”

“अगदी ठीक.”

आर्डिसने मान हलवली आणि त्याचे कपडे पिशवीत भरायला घेतले.

व्हर्लिन लोखंडाच्या खाणीत मुकादम होता, आणि घरी आल्यावरही मुकादमच राहायचा. त्याचा आवडता शब्द होता ‘चूक’. बटाटे चिरले, चूक. गाडी मागे घेतली, चूक. बर्फ उपसला, तोही चुकीच्या बाजूला. तळ्यावर त्यांचा ट्रेलर होता, गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर; तो ऑक्टोबरमध्ये हिवाळ्यासाठी बंद करायचा दिवस तर सगळ्यात वाईट. नळ्यांमध्ये थेंबभर पाणी राहिलं तर गोठून नळी फुटते, म्हणून सगळं पाणी काढायचं, मैल्याची टाकी आणि सांडपाण्याची टाकी उपसून धुवायची, मग न गोठणारं गुलाबी औषध प्रत्येक नळातून वाहेपर्यंत आत सोडायचं. तो सिंकखाली पालथा पडायचा, ती बॅटरी धरून उभी. “बॅटरीसुद्धा धरता येत नाही तुला?”

एका वर्षी बाहेरच्या शॉवरचा नळ रिकामा करायला ती विसरली आणि नळी तडकली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मुलीचे सासू-सासरे तळ्यावर आले असताना त्याने आर्डिसला सगळ्यांसमोर त्या नळापाशी उभं केलं. “उघड,” तो म्हणाला. तिने उघडला. “बंद कर. उघड. बंद कर. जमतंय की! मग तेव्हा काय झालं होतं?” पाहुणे हसले, कारण त्यांना दुसरं काय करावं ते सुचलं नाही. तीही हसली.

तर या ऑक्टोबरमध्ये ट्रेलर अंगणात उभा होता. झटक्यानंतर जावयाने, टॉडने, तो तळ्यावरून ओढून आणला होता, टाक्या भरलेल्या तशाच. “मी येऊन बंद करून जातो,” असं त्याने फोनवर सांगितलं.

“कशाला एवढ्या लांब येतोस?” आर्डिस म्हणाली. “व्हर्लिन आहे ना सांगायला.”

त्या सकाळी तिच्या मनात खरोखर काही नव्हतं. तिने त्याला लोकरी टोपी घातली, गुडघ्यांवर घोंगडी टाकली, खुर्ची ट्रेलरजवळ आणली आणि त्याच्या डाव्या हातात कॉफीचा मग दिला. मग ती पाना घेऊन पाणी तापवायच्या हीटरचं बूच काढायला बसली. बूच गंजलं होतं, पाना सटकत होता. दुसऱ्यांदा सटकला तेव्हा मागून व्हर्लिनचा श्वास जोरात व्हायला लागला. तिसऱ्यांदा सटकला आणि त्याने हातातला कॉफीचा मग फेकला. तो तिच्या खांद्याला लागला, गरम कॉफी मानेवरून कॉलरच्या आत गेली.

“बरोबर!” तो ओरडला. “बरोबर! बरोबर!”

शब्द तो नव्हता, पण आवाज तोच होता. ‘चूक’ म्हणायचा तो आवाज.

आर्डिसने मान पुसली, बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली.

“बरं,” ती म्हणाली. “म्हणजे हीटर आहे तसाच ठेवायचा. हो ना?”

व्हर्लिनने खुर्चीचा हात घट्ट पकडला.

“पाणी आतच राहू द्यायचं. बरोबर?”

त्याने मान जोरजोरात हलवली, तोंड वेडंवाकडं केलं, दुसरा कुठलातरी शब्द जिभेवर ओढून आणायला धडपडला. “ब… बरोबर!”

“तेच म्हणते मी.”

तिने हीटरचं झाकण लावून टाकलं. मग ती टाक्यांच्या नळीपाशी गेली, नळी गुंडाळून तिच्या जागी नीट ठेवली. “मैला कशाला काढायचा? आपलाच तर आहे. राहू दे.”

“बरोबर! बरोबर!”

गुलाबी औषधाच्या बाटल्या तिने त्याच्यासमोर ओळीने मांडल्या. एकेक उघडली आणि सावकाश गवतावर ओतली. गोठलेल्या दहिवराने पांढऱ्या पडलेल्या गवतावर गुलाबी ओघळ त्याच्या चाकांपर्यंत आला. तो डाव्या हाताने चाक फिरवायला लागला तशी ती मागे गेली आणि तिने ब्रेक लावला.

तेवढ्यात शेजारची लव्होन मांसाच्या भाजलेल्या भाताचं भांडं घेऊन कुंपणातून आली. “अगं, एकटीने करतेस एवढं सगळं? काय हो व्हर्लिन, नीट करतेय का बायको?”

“बरोबर!” व्हर्लिनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने लव्होनची बाही पकडली. “बरोबर, बरोबर!”

“अगंबाई! रडायलाच लागले की! आर्डिस, बघ गं, एवढं कौतुक कधी केलं होतं का तुझं?”

“कधीच नाही,” आर्डिस म्हणाली.

लव्होनने त्याची बोटं हळूच सोडवली आणि त्याच्या गालावरून रुमाल फिरवला.

मग हिवाळा लागला. थंडी वाढली की आर्डिस संध्याकाळी खुर्ची खिडकीपाशी नेई, ट्रेलर दिसेल अशी वळवे. “उद्या उणे तीस म्हणतायत,” ती सांगे, आणि विणकाम घेऊन त्याच्या शेजारी बसे. त्याने डोळे मिटले तर ती वाट बघे. कधीतरी तो उघडणारच.

जानेवारीत एका दुपारी ती आत बघायला गेली. सिंकखालची नळी सोललेल्या केळ्यासारखी उलगडली होती, आणि फटीतून बर्फाचं बोट बाहेर आलं होतं. हीटरच्या पोटाला हातभर चीर. संडासाची बैठक तडकलेली. खिडक्यांना तिने शिवलेले निळ्या चौकडीचे पडदे होते. तो मासे धरायला गेला की ती इथल्या बाकावर झोपायची. आयुष्यात तेवढीच झोप तिला निवांत लागली असेल. तिने पडदे काढून त्यांची घडी घातली आणि ती घरात आली.

सूप भरवताना तिने एकेक चीर त्याला सविस्तर सांगितली. व्हर्लिनने तोंड मिटून घेतलं. तिने चमचा त्याच्या दातांवर टकटक वाजवला.

“उघड,” ती म्हणाली.

त्याने उघडलं.

“बंद कर.”

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं आणि ट्रेलरखालून मैला अंगणात वाहायला लागला. त्याच आठवड्यात मुलगी, जेनेल, टॉडबरोबर आली. हा ट्रेलर पुढे तिला द्यायचं व्हर्लिनने कबूल केलं होतं. टॉड आत गेला आणि नाक दाबून बाहेर आला.

“काहीच काढलेलं नाही. एक थेंबसुद्धा नाही. सगळं फुटलंय.”

“आई, हे काय?” जेनेल म्हणाली.

“मला काय कळतं त्यातलं? मी एकेक गोष्ट त्याला विचारून केली. लव्होनला विचार, ती होती तिथे.”

जेनेल वडिलांपुढे गुडघ्यांवर बसली. “बाबा, टाक्या भरलेल्याच ठेवायला तुम्ही सांगितलंत?”

“बरोबर!” त्याने मूठ खुर्चीवर आपटली, मान हलवली. “बरोबर! बरोबर!”

जेनेलला हुंदका आवरला नाही. “गेलं गं डोकं त्यांचं. बाबांनी, आमच्या बाबांनी असं सांगावं!” डोळे पुसून ती म्हणाली, “आई, आता तुझ्याच्याने हे होणार नाही. आमच्या घराजवळ एक चांगला वृद्धाश्रम आहे, नर्सेस असतात. मी त्यांना तिथे नेते.”

व्हर्लिन एकदम शांत झाला. त्याने डावा हात पुढे करून मुलीचा हात घट्ट धरला आणि हलकेच, अगदी स्पष्ट म्हणाला, “बरोबर.”

जेनेलने आईकडे पाहिलं. आर्डिस व्हर्लिनकडे बघत होती.

“नाही,” आर्डिस म्हणाली. “इतकी वर्षं काढली आम्ही एकत्र. परक्यांच्या हाती नाही देणार मी त्याला.”

“आई…” जेनेलने तिला मिठी मारली. दोघीही रडल्या. व्हर्लिनची बोटं जेनेलच्या कोटाच्या टोकाला धरून होती. टॉडने ती सोडवली.

ट्रेलर भंगारवाला ओढून घेऊन गेला. आर्डिसने अंगण धुतलं, चुना टाकला, वर नवी माती पसरली.

व्हर्लिन त्यानंतर बरीच वर्षं जगला. पडून राहून होते तशी एकही जखम तिने त्याच्या पाठीला होऊ दिली नाही. रोज दाढी, रोज स्वच्छ सदरा. चर्चमधल्या बायका आपल्या सुनांना तिचं उदाहरण देत.