खंडेनवमीला मला सुट्टी नको

मी सुकदेवच्या पोटात बसवलेला पंप बोलतोय. माझी धडधड त्याच्या शर्टाबाहेरही ऐकू येते. ती ऐकू येते तोवर तो जिवंत आहे.

जन्म माझा परदेशातला. सुकदेव सुरतेत उधन्याला जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. हृदय इतकं थकलं होतं की बोलतानाही त्याला दम लागायचा. एका बड्या हॉस्पिटलनं प्रयोग म्हणून मला त्याच्यात बसवलं. हृदयातलं रक्त मी ओढतो आणि अंगभर ढकलतो. पोटातून एक नळी बाहेर येते, तिच्यातली वायर कमरेच्या दोन बॅटऱ्यांना जोडलेली असते. त्या संपल्या की मी थांबतो.

पेपरात फोटो छापून आले. डॉक्टर हसले, पाहुणे हसले. मला कसं सांभाळायचं ते सुकदेवला सांगितलं, तेही निम्मं इंग्रजीत. नवागामच्या खोलीत बॅटऱ्यांच्या चार्जरशेजारी झोपणाऱ्या त्याच्या आईला, अनुसयाबाईला, कुणी एक शब्द सांगितला नाही. फोटोतही तिला घेतलं नव्हतं.

मग अठ्ठ्याण्णव सालची खंडेनवमी आली. त्या दिवशी माग बंद ठेवतात, पुसतात, हळदकुंकू लावून पूजतात. अनुसयाबाईनं आदल्या संध्याकाळीच चार्जरचं बटण बंद केलं आणि त्याला झेंडूचा हार घातला. सकाळी सुकदेव कारखान्यातल्या पूजेला निघाला, तेव्हा चार्जरमधल्या बॅटऱ्या तिनंच त्याच्या पिशवीत भरल्या. दोन्हींवर कुंकवाचं बोट होतं.

कारखान्यात आरती चालू असतानाच, बॅटऱ्या संपत आल्याची माझी शिट्टी वाजली.

"जॉबर, तुझं पोट आरती म्हणतंय का रे?" रामदास हसला. तो सुकदेवचा कामावरचा जोडीदार.

सुकदेवनं बॅटऱ्या बदलल्या. शिट्टी थांबेना. त्याचा चेहरा पाहून रामदासचं हसू मावळलं.

"रामदास... पिशवीतला हातपंप काढ."

मी थांबलो. सगळे माग बंद, त्यात मीही. अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. सुकदेवचं स्वतःचं हृदय पिंजऱ्यातल्या पाखरासारखं फडफडत होतं. मला काही करता येत नव्हतं.

मी बंद पडलो तर हातानं रक्त ढकलायला दिलेला तो रबरी हातपंप माझ्या नळीला लावून रामदास रिक्षात दाबत राहिला. "भैया, भगाव!" तो ओरडत होता. "सुक्या, डोळे मिटू नको. मिटलेस तर थोबाडीत देईन!"

घरात शिरताच रामदासनं चार्जरचं बटण दाबलं, माझी वायर थेट त्याला जोडली. मी पुन्हा धडधडलो.

"बंद कुणी केलं?" रामदासनं विचारलं.

"मी," अनुसयाबाई म्हणाली. "आज नवमी शे ना. यंत्रले बी इसावा नको का?"

तिनं हार ओरबाडून काढला आणि सुकदेवच्या पोटाला कान लावून बसली.

तिचा दोष? ज्यांनी यंत्र दिलं आणि माणूस पाहिला नाही, त्यांना विचारा. बॅटऱ्या आता जुन्या झाल्यात, लवकर उतरतात. रामदास दोनदा हॉस्पिटलात जाऊन आला. मला बसवणारे डॉक्टरसाहेब परदेशात आहेत, एवढंच कळलं. फोटो मात्र तिथल्या भिंतीवर फ्रेम करून लावलाय म्हणे.

आज पुन्हा खंडेनवमी. उधना गप्प आहे. अनुसयाबाई चार्जरपुढे बसून आहे. हार नाही, कुंकू नाही. बटणावर तिनं तळहात झाकून धरलाय. शेजारीण मंदा पूजेचं ताट घेऊन दारात आली, तर ही खेकसली, "तठेच थांब! हात लावू नको!"

साहेब, परत आलात की या खोलीत या. फोटोवाला नको, बॅटऱ्या आणा. तिचा हात दुखायला लागलाय, आणि चार्जरवरच्या दिव्याचा हिरवा रंग मघापासून थरथरतोय.