तिसऱ्यासाठी चार

आमचे मास्तर म्हणजे मोडेन पण वाकणार नाही. इमारतीला नवी लिफ्ट बसली, तिच्यात तळमजल्याच्याच बटणावर आकडा एक, त्याच्या वरच्या मजल्याला दोन. कुठल्याशा देशातल्या इंग्रजीत तसंच म्हणतात म्हणे. झालं, आमच्या तिसऱ्या मजल्यासाठी बटण दाबायचं चार! लोक हसले आणि निमूट दाबायला लागले. ह्यांचा मात्र जळफळाट. "जन्मभर इंग्रजी शिकवलं मी! जमिनीवरचा तो ग्राउंड, त्याच्या वरचा पहिला. लिफ्ट चुकली म्हणून मीही चुकायचं?" एकदा मी कुरिअरवाल्याला चौथा म्हणाले, तर जेवण होईपर्यंत बोलणी खाल्ली. तेव्हापासून मीही तिसराच म्हणते. कोण डोकं लावणार!

त्या सकाळी दाढी करता करता ते छाती धरून खालीच बसले. मी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला. "तिसरा मजला, जिन्याशेजारचं दार. लवकर या हो!" रिसीव्हर तसाच लोंबकळत सोडला, दार सताड उघडलं आणि ह्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

सायरन जवळ आला, थांबला. लिफ्ट घरघरली. आले बाई एकदाचे, म्हटलं. तेवढ्यात खालून धाडधाड आवाज. आमच्या खालच्या शिंप्याचं दार कुणीतरी बडवत होतं. तो तर कुलूप लावून मुलीकडे गेलेला. माझं टाळकंच सटकलं. इथे माणूस चाललाय आणि मेल्यांना गोंधळ घालायला आजचाच मुहूर्त सापडला!

मास्तरांनी डोळे उघडले. बोट उचलून फरशीकडे दाखवलं. पुन्हा दाखवलं, जोर लावून.

"खाली झोपवू? बरं, झोपवते हं." मी उशी दिली. त्यांनी मान हलवली, नाही नाही. बोट खालीच. ओठ हलले, आवाज फुटेना. वर्गात सोपं उत्तर चुकलं की पोरांकडे बघायचे, तसे माझ्याकडे बघत होते.

"अहो, काय हवंय? पाणी देऊ?"

पाणी घेऊन आले तेव्हा ते बघत होते, पण माझ्याकडे नाही.

मग जिन्यावर पावलं वाजली. स्ट्रेचरवाले धापा टाकत आत आले. "बाई, खाली कधीचं दार ठोकतोय आम्ही! तीन दाबूनच आलो. तुम्ही तिसराच म्हणालात ना?"

संसारात ह्यांच्या मनातलं मी न सांगता ओळखायची. त्या दिवशी बोट दाखवून सांगत होते, तरी कळलं नाही मला. आता कुठल्या मजल्यावर जाऊन कपाळ आपटू?