माझा मागचा पाय

मी एक जुनी वेताची खुर्ची आहे. मित्रांनो, खुर्च्या बिचाऱ्या सगळं मुकाट्याने सोसतात असं तुम्हाला वाटत असेल, तर माझ्याबाबतीत तो गैरसमज काढून टाका. मी डूख धरते.

एका सुताराने मला मन लावून घडवलं आणि मी मावशीच्या शिलाई मशीनपुढे येऊन बसले. ती कामाला बसण्याआधी मला फडक्याने पुसायची. माझ्यावर बसून तिने शेजारपाजारच्या पोरींचे फ्रॉक शिवले, आई गेलेल्या भाचीला लहानाची मोठी केली. काका वारल्यावर मात्र धाकट्या दिराने घर ताब्यात घेतलं. दोन वेळचं रांधायचं मावशीने आणि नावं ठेवायची त्याने! माझ्या मागच्या दोन पायांवर तो झुलायचा, वेताच्या काड्या सोलायचा आणि वर म्हणायचा, "हे भंगार फेका एकदा." माझा मागचा पाय डुगडुगायला लागला तो त्याच्यामुळेच.

मग परदेशातून भाचीचा फोन आला. "मावशी, तू आल्याशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही." मावशीला रडू आवरेना. पण आधी व्हिसाची मुलाखत होती. दीर म्हणाला, "वहिनी, घाबरू नका, मी तयारी करून घेतो." माझा जीव सुखावला होता, तेवढ्यात मावशी भाजी आणायला गेली आणि तो बायकोला म्हणाला, "ही गेली तर स्वयंपाक कोण करणार? असं पढवतो, की साहेबच नको म्हणेल."

रोज संध्याकाळी तो माझ्यावर साहेब होऊन बसायचा. मावशी समोर उभी.

"परत कधी येणार?"

"देव जाणे," मावशी शिकवल्याप्रमाणे म्हणायची.

"इथे काम काय करता?"

"काही नाही."

"शाब्बास!"

मला बोलता येत असतं तर! एकदा माझा खिळा त्याच्या पँटमध्ये घुसवून मी ती टर्रकन फाडली. पण तेवढ्याने माझं पोट भरलं नाही.

मुलाखतीहून मावशी आली, माझ्यावर टेकली आणि तिने भाचीला फोन लावला. मी कान टवकारले. पढवलेली उत्तरं ऐकून साहेबांनी नकारार्थी मान हलवली होती. संपलंच! मावशी डोळे पुसत उठली आणि सवयीने म्हणून गेली, "येते हं, साहेब." दुभाषी बाई खुदकन हसल्या. साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा त्यांनी समजावलं, की आमच्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत, परत यायचं असतं म्हणून 'येते' म्हणतात. साहेबांनी तिला पुन्हा बसवलं. "मग मघाशी देव जाणे का म्हणालात?" मावशी भाबडेपणाने म्हणाली, "तसं भाऊजींनी शिकवलंय. नाहीतर माझी गिऱ्हाइकं खोळंबलीत हो, यायलाच हवं." व्हिसा मिळाला. दिराचा डावही तिला तिथेच कळला.

त्या संध्याकाळी दीर माझ्यावर झुलत विचारत होता, "काय, नाही म्हणाले ना?"

"मिळाला," मावशी म्हणाली.

तो दचकून मागे रेलला आणि मी पाय सोडला. धाडकन! हाय, काय तो आवाज! माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत गोड गाणं.

"लागलं का, भाऊजी?" मावशी जागची हलली नाही.

तिने पलीकडच्या गल्लीत एक खोली बघितली आणि मशीनबरोबर मलाही तिकडे हलवायचं ठरवलं. निघायच्या दिवशी टेम्पोत ठेवलेली मी सगळं बघत होते. बॅग घेऊन मावशी उंबऱ्याबाहेर आली.

"जाते, भाऊजी."

"वहिनी, अहो, येते म्हणा!"

"साहेबांना म्हटलंय," मावशी म्हणाली. "तुम्हाला जाते."

लग्न लावून ती परत आली, पण या खोलीत. तर मित्रांनो, खुर्चीवर बसा, पण चारही पाय जमिनीवर टेकवून बसा. सुतार दोनदा येऊन गेला, तरी माझा मागचा पाय अजून डुगडुगतोच. दीर कधीतरी वहिनीची मनधरणी करायला येईल, तेव्हा मावशी त्याला बसा म्हणेलच.