तोस्याचं नाव

नववीत आल्यापासून मी एकदम धीट झाले होते. डिबेटमध्ये पहिली, मराठी मंडळाच्या स्टेजवर माइक माझ्याच हातात! त्यात शाळेत ‘आपल्या गावातला हिरो’ अशी स्पर्धा लागली आणि माझ्याकडे होती तशी हिरो आमच्या अख्ख्या ट्रॉय गावात कुणाकडे नव्हती. माझी आई फिजिओथेरपिस्ट. तिच्या पेशंट राइसा आजी, वय ब्याऐंशी, महायुद्धात सोव्हिएत बायकांच्या बॉम्बर पलटणीत विमानांना बॉम्ब लावायच्या.

“म्हणजे पायलट नाही?” मी जरा हिरमुसले.

“मी नसते तर पायलटनं काय टाकलं असतं, बटाटे?” आजी त्यांच्या रशियन वळणाच्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या.

मी टेपरेकॉर्डर लावला.

प्रत्येक विमानाची माणसं ठरलेली असावीत, असा नियम होता. या मुलींनी तो मोडला. जे विमान उतरेल त्याच्याकडे सगळ्याच धावायच्या, म्हणजे ते पाच मिनिटांत परत उडायचं. बॉम्ब विमानाखालच्या आकड्यात नीट बसला का, ते उघड्या बोटांनी चाचपायचं. थंडीत कातडी लोखंडाला चिकटायची.

“एकदा मी हातमोजे काढले नाहीत,” आजी म्हणाल्या. “बोटं सोलली होती. मी लावलेला बॉम्ब आकड्यात अडकला, पडलाच नाही. विमान उतरताना फुटला. आत दोघी होत्या.”

चौकशी झाली. सगळ्यांनीच हात लावलेला, मग कुणी बसवला ते सांगणार कोण? शेजारच्या खाटेवर झोपणारी एकोणीस वर्षांची तोस्या म्हणाली, ‘मी लावला.’

“तिनं मला मोजे घातलेलं पाहिलं होतं. तिला शिक्षा म्हणून पायदळात, थेट आघाडीवर धाडलं. दोन महिन्यांत गेली. मी गप्प बसले. कागदावर अजून तिचीच चूक आहे. तुझ्या शाळेत हे सगळ्यांसमोर ऐकव. चूक माझी होती.”

मी मान डोलावली.

पण स्पर्धेत पाचच मिनिटं होती. मी कंप्युटरवर एडिट करताना थंडी ठेवली, बटाटे ठेवले. तोस्या काढून टाकली. इतकं सॅड कोण ऐकणार, यार? आणि आजींना कुणी नावं ठेवावीत, हे मला नको होतं.

“आजींना विचारलंस का, हिमे?” आई म्हणाली.

“चिल, आई! सरप्राइज आहे.”

स्पर्धेच्या दिवशी हॉलमध्ये आजी युद्धातली पदकं न लावता आल्या. पहिल्या रांगेत, आईचा दंड घट्ट धरून ऐकत होत्या. टेप संपली. सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवू लागला. आजी बसूनच.

“पुढचं?” त्यांनी आईला विचारलं.

मला पहिलं बक्षीस मिळालं.

दुसऱ्या दिवशी आईच्या मागोमाग मी रेकॉर्डर घेऊन आजींकडे धावले. मूळ कॅसेटवर मी फ्रेंचचा होमवर्क भरून टाकला होता.

“आजी, परत सांगा ना. सगळं लावीन, प्रॉमिस.”

त्यांनी रेकॉर्डरच्या लाल दिव्याकडे बोट केलं.

“बंद कर,” त्या म्हणाल्या. “काल सगळे उभे राहिले. कुणासाठी?”

मी बटण दाबून लाल दिवा विझवला.

“बाहेर थांब,” आई म्हणाली, आणि आजींची वाकडी बोटं एकेक करून सरळ करायला लागली.