वरच्या कोनाड्यातला नान

"नऊ तागे! नऊच्या नऊ! पंख फुटले की काय त्यांना?"

हाशिमजाननं गोदामाच्या दारातच आरडाओरडा मांडला होता. मर्गिलानच्या त्या रेशीम कारखान्याचा तो मालक. शुक्रवारचा नमाज आटोपून विणकर परतत होते आणि जो येईल तो दारातच थबकत होता. कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोनच: एक मालकाच्या घरी खुंटीला, दुसरी गोदाम सांभाळणाऱ्या मुकद्दसच्या कमरेला.

"पंधरा वर्षं राखतेय मी हे गोदाम, मालक," मुकद्दस कशीबशी म्हणाली. "बायकांना चहा द्यायला अंगणात गेले होते, अर्धा तास. कुलूप लावून गेले होते."

"म्हणजे पंधरा वर्षं मांजराला दूध राखायला बसवलं होतं म्हणायचं! संध्याकाळपर्यंत माल आला नाही तर पोलीस बोलावतो."

मुकद्दसचा मुलगा ओताबेक सोमवारी फौजेत निघणार होता, सीमेवरच्या पहाऱ्यावर. आईवर चोरीचा गुन्हा लागला की पोराचं नाव यादीतून गेलंच म्हणून समजा.

"पोलीस कुठे पळून जात नाहीत," मागून आवाज आला. "आधी मला बघू द्या."

हे तुर्सुन अका, म्हणजे सगळ्यांचे थोरले भाऊ. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असा माणूस. उंची बेताची, म्हणून तर सोव्हिएत फौजेनं त्यांना रणगाड्यात बसवलं आणि दोन वर्षं अफगाणिस्तानात धूळ खायला लावली. घरातून निघताना त्यांनी एक घास चावलेला नान आईनं खिळ्याला टांगून ठेवला होता; फौजेत जाणाऱ्यानं परत येऊन उरलेला खायचा, अशी तिथली रीत. जिवंत परतल्यावर उरलेला त्यांनी चहात बुडवून बुडवून संपवला. दात हलले, पण एक कण टाकला नाही. पुढे बावीस वर्षं पोलिसांत तपास केला आणि आता चार वर्षं या कारखान्याची सुरक्षा सांभाळत होते. फाटकावर बसून ढेरी सुटली असली तरी नजर तीच होती.

अका गोदामात शिरले. मांडणी बघितली, जमीन बघितली, मग मान वर केली आणि तसेच उभे राहिले.

"आपा, तुमचं जेवण कुठे ठेवलं होतं?"

"इथे, ताग्यांवर. नान होता रुमालात. परत येऊन खाणार होते." तिनंही वर बघितलं. "अगंबाई! हा वर कुणी ठेवला?"

दारावरच्या कोनाड्यात नान होता. सुलटा, नीट, नक्षीची बाजू वर. रुमाल मात्र खाली धुळीत पडलेला. अकांनी हात उंचावला. चांगला दीड वीत कमी पडला. मुकद्दस तर त्यांच्याही खांद्याला. शिडी सकाळपासून रंगाऱ्यांकडे होती आणि गोदामात चढायला साधं स्टूल नव्हतं.

अकांच्या मिशीत हसू आलं. तागे ओढताना नान खाली पडला असणार. चोरानं तो उचलला, कपाळाला लावला आणि कुणाचा पाय लागू नये म्हणून हात पोचेल तितका उंच ठेवला. रेशीम चोरताना लाज वाटली नाही, पण नान पायदळी जाऊ द्यायची छाती झाली नाही! आणि तिथवर सहज हात पोचेल असा या कारखान्यात एकच माणूस होता.

"एल्मुराद, बाळा, तेवढा नान काढ बरं. आम्ही पडलो बुटके."

एल्मुराद मालकाचा मेहुणा. उंचच उंच, आणि दिवसभर भावजींची हमाली करणारा. त्यानं टाचाही न उचलता नान काढला आणि काढल्यावर त्याच्या ध्यानात आलं, सगळे आपल्याकडेच बघताहेत.

"आता त्यावर हात ठेव," अका हळूच म्हणाले, "आणि म्हण, मी तागे घेतले असतील तर हा नान मला मारो."

नान छातीशी धरून एल्मुराद मटकन खाली बसला.

"गाडीत आहेत," तो म्हणाला. "ताश्कंदला स्वतःचं दुकान टाकणार होतो. किती दिवस यांची पोती वाहायची? किल्ली ताईच्या खुंटीवरून घेतली."

हाशिमजानचा चेहरा पडला. घरचाच भेदी! तो हात उगारून पुढे झाला, पण अका मध्ये उभे राहिले.

"मलाही मारा मग. मालकाचा मेहुणा म्हणून त्याची गाडी न तपासता फाटक मीच उघडलं. चार वर्षांत माझी ही पहिली चूक, आणि तीच नेमकी हिच्या पोराच्या मुळावर येत होती. पोलिसांचं तुमचं तुम्ही ठरवा. पण ज्या तोंडानं हिला चोर म्हणालात, त्याच तोंडानं सगळ्यांदेखत माफी मागा."

हाशिमजाननं मागितली. पडेल आवाजात, पण मागितली. पोलीस काही आले नाहीत. मुकद्दस मात्र डोक्यावरच्या रुमालानं डोळे पुसत एवढंच म्हणाली, "ज्यानं केलं त्यानं यावं माझ्या दारी."

सोमवारी सकाळी ओताबेकनं नानाचा घास चावला, आईच्या गळ्यात पडला आणि गाडीत बसला. गाडी वळणाआड गेली तरी मुकद्दस तो नान हातात धरून उभी होती. निरोपाला आलेले अका शेजारी, दोघांच्याही डोळ्यांत पाणी. तेवढ्यात तिच्या घराच्या फाटकाशी एल्मुराद दिसला, मान खाली घालून.

"आपा, मी..."

"आलास? मग तिथे ताडासारखा काय उभा राहिलास? आत ये." तिनं नान त्याच्या हातात ठेवला आणि भिंतीवरचा उंच खिळा दाखवला. "ओताबेकच्या बापानं ठोकलेला. तो आता नाही, आणि माझा हात काही पोचत नाही."

एल्मुरादनं नान कपाळाला लावला आणि खिळ्याला टांगला. तो जायला वळला तशी मुकद्दस म्हणाली,

"आणि माझा ओताबेक परत आला की काढायलाही तूच ये."