त्याला एकटं सोडू नका

मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे, सिनेमाचा. मित्रांनो, तुम्ही माझ्याकडे तासन्‌तास पाहता, पण मी आजवर एकही चित्रपट पाहिलेला नाही. तो माझ्याच अंगावर चालतो ना! आपल्या कपाळावर काय लिहिलंय, ते कुणाला वाचता येतं का? मला दिसतात फक्त तुमचे चेहरे.

कारखान्यात कापडाचे रुंद पट्टे जोडून मला तयार केलं, वर पांढरा लेप दिला आणि अंगभर बारीक भोकं पाडली. आवाजाचे कर्णे माझ्या पाठीमागे असतात. भोकं नसती, तर नायकाचे संवाद मागेच घुसमटले असते. थिएटरात मला लोखंडी चौकटीवर ताणून बांधलं. सुरुवातीची वर्षं भरभराटीची गेली. पुढे खुर्च्या रिकाम्या पडू लागल्या. माझा एक कोपरा उसवला, लेप पिवळा पडला, चौकटीत कोळ्यांनी संसार थाटले. नवऱ्यामागे थिएटर सांभाळणाऱ्या मालकीणबाईंनी बरीच वर्षं तग धरला. शेवटी त्यांनी एका सिमेंटच्या व्यापाऱ्याला शब्द दिला, की महिनाअखेर ही जागा गोदामासाठी घ्या.

व्यापाऱ्याने मला चिमटीत धरून पाहिलं. "कापड दणकट आहे. ट्रकवर ताडपत्री म्हणून चालेल."

ज्याच्या अंगावर राजेराण्या नांदल्या, त्याने आता पोती झाकायची!

त्याच महिन्यात एक भयपट लागला. एका मुलीच्या अंगात सैतान शिरतो आणि तो काढायला एक थकलेला धर्मगुरू येतो, ज्याचा स्वतःचाच विश्वास डळमळलेला असतो. ही गोष्ट मला लोकांच्या बोलण्यातून कळली. परिणाम मात्र मी डोळ्यांनी पाहिला. पाय खुर्चीवर जात, हात डोळ्यांवर जात आणि बोटांच्या फटी मात्र उघड्या राहत. ज्याला सगळे पैलवान म्हणत, तो हमाल गाल धरून उठला. "माझी दाढ दुखायला लागली," म्हणाला आणि धावत सुटला. शेवटच्या झुंजीत धर्मगुरू गुडघ्यांवर कोसळला, की दाराशी झुंबड उडे. शेवट कुणी पाहिलाच नाही. त्यामुळे बाहेर बातमी पसरली, की या सिनेमात सैतानच जिंकतो.

मग एका दुपारी एक शिंपीण आपल्या सासूला घेऊन आली. नेहमीप्रमाणे पळापळ झाली. शिंपीणही दारापर्यंत पोहोचली आणि तिथून ओरडली, "अहो सासूबाई, चला की!"

"गुडघे धरलेत गं. तू हो पुढे!" आजी म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या अंगावर कोसळलेल्या धर्मगुरूकडे बोट रोखलं. "आणि तू रे? तुझे गुडघे तर धड आहेत ना? मग बसलास काय? ऊठ! पोर एकटी आहे तिथे!"

मी त्यांचा चेहरा पाहत होतो. त्यावर आधी राग होता, मग धास्ती होती आणि मग एकदम दिवा लागल्यासारखं झालं. "उठला गं, उठला!" आजींनी टाळ्या पिटल्या. "सोडवली पोरीला!"

संध्याकाळपर्यंत सगळीकडे एकच चर्चा होती, की आजींनी दम दिला म्हणून धर्मगुरू जिंकला.

यंत्र चालवणाऱ्या ऑपरेटरने लोकांना समजावलं, "अरे, रीळ तेच आहे. शेवट रोज तोच असतो."

"तू पाहिलास?" पैलवानाने विचारलं.

ऑपरेटर डोकं खाजवू लागला. "त्या वेळी मी आधीचं रीळ गुंडाळत असतो."

"मग? नसेल आजींच्या ओरडण्याने होत, पण गप्प बसून तो हरतो का, हे बघायची हिंमत आहे तुझी?"

ऑपरेटर आपल्या यंत्राकडे निघून गेला. मलाही विचारू नका. रिकाम्या खुर्च्यांपुढे तो जिंकला की हरला, ते मी कसं सांगणार?

त्यानंतर जो तो त्याला जिंकवायला येऊ लागला. नर्स, टपालवाला, नाकासमोर चालणारे हिशेबनीस, सगळे आले. भीती तीच होती, घामही तोच होता, पण पळायचं कुणी नाव काढेना. धर्मगुरू कोसळला, की सगळं थिएटर उभं राही. "उठा महाराज!" "पोरी, घाबरू नकोस, आम्ही आहोत!" पैलवान तर दोन्ही गाल धरून ओरडे. आवाज असा उसळे, की माझी चौकट हादरून कोळी बिऱ्हाडासकट खाली येत.

महिनाअखेर व्यापारी जागा मोजायला आला, तेव्हा खेळ रंगात होता. टेप ताणून तो खुर्च्यांमधल्या वाटेत उभा राहिला. मालकीणबाई दाराशी होत्या. धर्मगुरू पडला. लोक उठले. व्यापाऱ्याने सहज माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या हातून टेप सुटून सर्रकन गुंडाळली गेली. "अहो, मागे बघा, मागे!" तो सगळ्यांच्या वरताण ओरडला. "तो मागून येतोय!"

दिवे लागले, तेव्हा त्याचा घसा बसला होता.

"मापं घेतलीत?" बाईंनी विचारलं.

"कसली मापं, बाई? गोदाम बघतो दुसरीकडे." त्याने टेप खिशात टाकली. "इथे पोती रचली, तर उद्या त्या बिचाऱ्याला उठवणार कोण?"

मित्रांनो, दुसऱ्या दिवशी शिंपिणीने माझा कोपरा शिवला. तुमच्या गावातही माझा एखादा भाऊ पिवळा पडत असेल. त्याला धुवा, शिवा आणि त्याच्यासमोर येऊन बसा. भीती वाटली, तर खुशाल ओरडा. फक्त शेवट होईपर्यंत उठू नका. तुमच्याकडे पाहूनच आम्हाला कळतं, की कोण जिंकलं.